एक सप्तमांश नाली

वाशीम जिल्ह्यात रस्त्याला शिव्या देणारी माणसं तुम्ही खूप पाहिली असतील, पण रस्त्याचा मालक पाहिला नसेल. तो मी. उकंडराव. एकट्याचा नाही, सातव्या हिश्श्याचा. खरेदीखतात तसं लिहिलेलंच आहे : ‘सदर घर, त्यासमोरील रस्ता व बंद नाली यांतील एक सप्तमांश अविभक्त हिश्शासह.’ रजिस्ट्री झाली त्या दिवशी हे वाक्य मी ऑफिसबाहेरच्या कडुनिंबाखाली उभा राहून तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा माझा ऊर भरून आला. गावाचं नाव मात्र सांगत नाही. सांगितलं तर आमची नगरपालिका आणखी एक नोटीस काढेल, आणि पहिल्या नोटिशीवर माझं इतकं प्रेम आहे की तिला सवत आणायची इच्छा नाही.

माझ्या नावाचंही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर हसायला नको. माझ्या आधीची दोन भावंडं वाचली नाहीत, म्हणून मी जन्मलो तेव्हा आजीनं मला उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि नाव ठेवलं उकंडा. घाणीत टाकलेलं पोर यम उचलत नाही, असा हिशेब. यमानं उचललं नाही, पण घाणीनं सोडलं नाही, असं माझी बायको बेबी गेले दोन महिने म्हणत होती.

घर विकणारा रामराव. स्वतःच्या वावरात लेआउट पाडून सात घरं बांधलेला, तोंडात कायम बडीशेप असलेला माणूस. घर दाखवताना त्यानं पायातला जोडा रस्त्यावर आपटून दाखवला.

“सायेब, सिमेंटचा हाय. अन् सरकारी नाई बरं! रस्ता खाजगी, नाली खाजगी. सरकारी अथी काईच नाई.”

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ कोणीही काय घेईल? आमच्याकडे सरकारी दवाखाना म्हणजे जिथं आपण जात नाही तो, आणि खाजगी म्हणजे जिथं उसनंपासनं करून का होईना, जातो तो. शाळेचं तेच, बसचं तेच. जावई सरकारी चालतो, बाकी सगळं खाजगी लागतं. तेव्हा खाजगी नाली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र आलं त्यात नालीला बहुधा संगमरवरी कठडे होते. बत्तीस वर्षं पंचायत समितीत कागद हाताळून निवृत्त झालेला वरिष्ठ लिपिक मी, पण “खाजगी म्हणजे बिघडल्यावर जायचं कुठं?” हा प्रश्न काही विचारला नाही. दुसऱ्याच्या कागदातली चूक मला तीन हातांवरून दिसते. स्वतःच्या कागदाला मी चष्मा लावला नव्हता.

बेबीनं रस्ता पाहिलाच नाही. ती थेट न्हाणीत गेली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. सत्तावीस वर्षं आम्ही रंगूबाईच्या घरी भाड्यानं राहिलो. रंगूबाई बाई मनानं वाईट नव्हती, पण तिची खाट आमच्या न्हाणीच्या भिंतीला लागून होती आणि तिला कानांनी बादल्या मोजता येत. “चार झाल्या व बेबे!” अशी हाक भिंतीपलीकडून आली की बेबी अंगावरचा साबण तसाच पुसून बाहेर यायची. सत्तावीस वर्षांत तिनं माझ्याकडे ना पाटल्या मागितल्या, ना काशी. म्हणाली होती ती एकच गोष्ट : “मले एक दिवस आपल्या न्हाणीत बसून, कोनी न मोजता आंग धुवाचं हाय.” त्या दिवशी न्हाणीतून ती बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. “घेऊन टाका,” ती म्हणाली. मी घेऊन टाकलं.

आमच्या उजव्या बाजूला सेवालाल गुरुजी राहतात. मानोऱ्याकडचे, निवृत्त मुख्याध्यापक, आणि फुकट सल्ल्याचे घाऊक व्यापारी. डाव्या बाजूला सैफुद्दीनभाई. त्यांचं पाइप-तोट्यांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचा सल्ला फुकट नसतो, पण सोबत वस्तू मिळते. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी गुरुजी आले आणि गंभीरपणे म्हणाले, “उकंडराव, वास्तू मंजे निरं घर नोहे. तुमी रस्त्याचे मालक, नालीचे मालक. घराची पूजा करसान अन् नाली उपाशी ठेवसान काय?”

मला ते पटलं. विहिरीची ओटी भरतात, बोअरची भरतात, नदीची भरतात. नाली हीसुद्धा एका अर्थानं वाहतं पाणीच. बेबीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, पण खण काढून दिला. जांभळा, त्यावर पिवळे ठिपके. इंझोरीला बेबीच्याच भावाला दिलेल्या माझ्या बहिणीनं तो तिला दिवाळीत दिला होता आणि तेव्हापासून त्याला घराबाहेर काढायच्या निमित्ताची ती वाट पाहत होती. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, मी आणि गुरुजींनी आमच्या घरासमोरच्या चेंबरचं झाकण थोडं सरकवलं, खणात बांधलेला नारळ आतल्या कडेला ठेवला, हळदकुंकू वाहिलं. गुरुजी काहीतरी पुटपुटले. मला तरी ती गंगेची आरती वाटली. दुसऱ्या दिवशी नारळ तिथं नव्हता. कोणीतरी प्रसाद समजून नेला असेल, असं धरून चाललो. गुरुजी म्हणाले, “नालीनं स्वीकारला!” त्यांचं हे वाक्य पुढं किती खरं ठरणार आहे याची मला कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेबी न्हाणीत गेली. पहिली बादली ओतली. दुसरी ओतली. तिसरी ओतायच्या आधी पहिल्या दोन परत आल्या. येताना एकट्या आल्या नाहीत. सातही घरांचं जे काही नालीत होतं त्यातलं थोडंथोडं घेऊन आल्या. बेबी ओल्या केसांनी बाहेर आली, गॅसची शेगडी पोत्यात घातली आणि ऑटो बोलावला. रंगूबाईच्या खोलीची किल्ली सुदैवानं अजून आमच्याकडेच होती.

“पानी जाईन त्या दिवशी मी येईन,” ऑटोत बसून ती म्हणाली. “आखाजीपावतर रंगूबाईची खोली हाय. मंग तिची सून येऊन राह्यली. आखाजीनंतर मी भावाकडं इंझोरीले.”

“अवं, पंचावन्नाव्या वर्षी माहेरी जाशील? लोक काय म्हणतील?”

“लोक मनतीन, उकंडरावनं नाली घेतली अन् बायको सोडली.”

ऑटो गेला. जाताना माझ्या मालकीच्या रस्त्यावरून गेला, पण त्याचा मला काही आनंद झाला नाही.

मी एकटा घरात राहिलो. नव्या घरात दिवा लागला पाहिजे म्हणून राहायचो आणि न्हाणीसाठी रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून अर्धं गाव ओलांडून रंगूबाईकडे जायचो. वाटेत लोक विचारायचे, “काय उकंडराव, नवं घर कसं काय?” मी म्हणायचो, “हवेशीर.”

रामरावला फोन केला तर तो मनापासून चकित झाला. “सायेब, मी तं तुमाले पयलेच सांगतलं होतं, खाजगी हाय म्हनून!” सांगितलं होतंच.

मग सल्ले सुरू झाले. गुरुजी म्हणाले, गुळाचं पाणी सोडा, आतले जंतू जोम धरतात. सोडलं. जंतूंचं माहीत नाही, मुंग्यांनी जोम धरला. सैफुद्दीनभाई म्हणाले, “भाऊ, गूळ-फूळ छोडो. बांबूची लंबी फाडी डाला, रस्ता खुलता.” फाडी त्यांच्याच दुकानातून घेतली, घातली, जोर लावला, अर्धी हातात राहिली, अर्धी आत. ती काढायला त्यांनी जाड तार दिली. तार अडकली. ती काढायला बादली काढायचा लोखंडी आकडा दिला, दोरीला बांधून. दोरी तेवढी वर आली. आता माझ्या सप्तमांश नालीत बांबू, बांबूमागे तार आणि तारेमागे आकडा असं सगळं दुकान ओळीनं उभं होतं, आणि पाणी होतं तिथंच होतं.

शेवटी मी सात घरांची मीटिंग बोलावली. खुर्च्या रस्त्यावरच टाकल्या. आमचाच रस्ता, परवानगी कोणाची घ्यायची? गुरुजींचं म्हणणं पडलं की सैफुद्दीनभाई दुकानातलं उरलेलं सिमेंट घरी धुतात, तेच आत बसलं. सैफुद्दीनभाई उसळले. “वाहवा गुरुजी! अन् तुमचे पूजेचे हार कुठं जाते? समुंदरमें?” गुरुजी उठून उभे राहिले. सैफुद्दीनभाईंच्या घरवाली मेहरबी भाभींनी सगळ्यांना चहा दिला म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबलं. मग मी अध्यक्ष या नात्यानं भाषण केलं. हे भाषण मी इथं मुद्दाम देतोय, कारण ते पुढं माझ्याच अंगावर आलं. मी म्हणालो, “नाली आज ना उद्या मोकळी होईलच. आणि ज्याच्या घरची वस्तू आतून निघेल, त्यानं सातही घरांसमोर कान धरून माफी मागायची. मग तो कोणीही असो.” टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात गुरुजींनी वाजवल्या.

मीटिंगमध्ये एक ठरलं : नगरपालिकेकडे नाली उपसायची गाडी आहे, ती मागवायची. अर्ज करायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. बत्तीस वर्षं अर्ज घेतले होते, करायची ही पहिली वेळ. अर्ज मात्र असा झाला की फ्रेम करून लावावा. तो मी आवक टेबलावरच्या पवनला दिला. पवन माझ्याच हाताखाली पंचायत समितीत वर्षभर कंत्राटावर होता, कामाचं वळण मीच लावलेलं. “काका, तुमचं काम मंजे आपलं काम,” तो म्हणाला. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. त्यावर शेरा होता : ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’

वाक्य ओळखीचं वाटलं. दोनदा वाचल्यावर आठवलं की ते माझंच. बत्तीस वर्षांत हे मी किती अर्जांवर लिहिलं असेल याची गणती नाही, आणि पवनला शिकवतानाही मी सांगितलं होतं, “बाळा, या वाक्याला उत्तर नसतं.” आता ते वाक्य हातात घेऊन मी बाकावर बसलो होतो, आणि खरंच त्याला उत्तर नव्हतं. पहिल्यांदाच मला त्या सगळ्या अर्जदारांचे चेहरे आठवले. फार वेळ नाही, पण आठवले.

नगरपालिका म्हणे रस्ता खाजगी. पलीकडची ग्रामपंचायत म्हणे हद्द आमची नाही. पण गंमत बघा. हाच रस्ता पुढं बाजार समितीच्या मागच्या फाटकाला लागतो. रिसोडकडून येणारे हरभऱ्याचे ट्रॅक्टर चौकातली गर्दी चुकवायला आमच्याच रस्त्यानं घुसायचे. नगरपालिकेची घंटागाडी रोज आमच्याच दारावरून गाणं वाजवत जायची, पण थांबायची नाही, कारण रस्ता खाजगी. नगरपालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांची जीपसुद्धा घरी जेवायला आमच्याच रस्त्यानं जायची. म्हणजे चालायला सरकारी आणि तुंबायला खाजगी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठ दिवस राहिले. बेबीनं रंगूबाईकडे पेटी भरायला घेतली आहे, असं मी सकाळी डोळ्यांनी पाहिलं. पेटीत वर माझ्या लग्नातला फेटा ठेवला होता; तो ती नेणार होती की मला परत देणार होती ते विचारायची हिंमत झाली नाही. घरी आलो. रिकाम्या स्वयंपाकघरात शेगडीच्या जागी उमटलेला चौकोन पाहिला आणि मला खरोखर रडू आलं. मग राग आला. राग आल्यावर मला काम सुचतं.

मी दोन डांबराचे रिकामे ड्रम आणले. एक रस्त्याच्या या कडेला, दुसरा त्या कडेला. मधे लाकडी बल्ली आडवी. बल्लीला पाटी : ‘खाजगी रस्ता. मालक – उकंडराव व इतर सहा.’ शेजारी खुर्ची टाकून बसलो. दहा मिनिटांत पहिला ट्रॅक्टर आला.

“काहून अडवून राह्यले, काका?”

“खाजगी आहे.”

तासाभरात ट्रॅक्टरांची रांग पार चौकापर्यंत गेली. मग घंटागाडी आली, गाणं वाजवत उभी राहिली, आणि तेच गाणं अकरा वेळा वाजलं. सैफुद्दीनभाई येऊन कानात म्हणाले, “भाऊ, पोलिस येईन.” गुरुजी खिडकीतून म्हणाले की ते तत्त्वतः माझ्यासोबत आहेत. जेवायच्या वेळेला साहेबांची जीप आली. काच खाली झाली, पाटी वाचली गेली, काच वर गेली. जीप मागे गेली.

पंधरा दिवस माझ्या अर्जावर जे कार्यालय झोपलं होतं, त्यानं तीन तासांत नोटीस काढली. पवन स्वतः घेऊन आला. ती अशी : ‘आपण सार्वजनिक रस्ता अडवून, तसेच सार्वजनिक नालीच्या चेंबरवर ड्रम ठेवून अतिक्रमण केले आहे. सदर रस्ता व नाली नगरपालिकेच्या अखत्यारीत असल्याने अतिक्रमण तात्काळ हटवावे.’ खाली सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक.

मी पोच दिली, नोटीस कपाळाला लावली आणि बल्ली स्वतःच्या हातानं काढली. पवन गोंधळला. “काका, मंग बसले काहून होते दिवसभर?”

एक ड्रम मी बरोबर चेंबरवर ठेवला होता. नालीचा उल्लेख त्याशिवाय आला नसता. बत्तीस वर्षं काय मी नुसता चहा प्यायलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज दिला. दोनच ओळी : ‘आपल्या जावक क्रमांकान्वये सदर नाली सार्वजनिक असून आपल्या अखत्यारीत असल्याचे समजले. ती तुंबली आहे.’ सोबत नोटिशीची प्रत. पवननं वाचलं, खालीवर पाहिलं, पुन्हा वाचलं.

“काका,” तो हळूच म्हणाला, “याले तं उत्तर नाई.”

“तेच शिकवलं होतं तुला,” मी म्हणालो.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी आली. चालवणारा राजू नावाचा धिप्पाड गडी. सातही घरं बाहेर. बेबीला मी निरोप धाडला होता. ती रंगूबाईलाही सोबत घेऊन आली आणि शेगडीचं पोतं ऑटोतच ठेवून खाली उतरली. अजून तिचा विश्वास बसत नव्हता.

राजूनं पाइप आत सोडला, मशीन घरघरलं. आधी आकडा निघाला. “हा माह्या दुकानातला!” सैफुद्दीनभाई प्रेमानं म्हणाले. मग तार. मग बांबूची फाडी. पाणी तरीही हलेना. राजूनं लांब चिमटा घातला, पाय रोवले, ओढलं. फचकन काहीतरी गोल वर आलं आणि सरळ माझ्या पायाशी घरंगळलं. राजूनं त्यावर पाणी मारलं.

नारळ. जांभळा खण. पिवळे ठिपके.

मागून गडगडत पाणी वाहायला लागलं, पण तिकडं कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे नारळाकडे बघत होते. सेवालाल गुरुजींना अचानक आभाळात काहीतरी दिसलं आणि ते मान वर करून त्याचा अभ्यास करू लागले.

“ये किसका है?” सैफुद्दीनभाई म्हणाले. “अध्यक्षसाहेब, तुमीच म्हणले होते. कान पकडून माफी. बोला, कोणाचा हाय?”

माझे कान आपोआप गरम झाले. पंचायत समितीत मी कधी खोटं बोललो नाही असं नाही, पण तिथं टेबल असायचं पुढं. मी तोंड उघडलं. हात कानाकडे निघालाही होता. तेवढ्यात बेबी पुढं आली. तिनं खणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खणाकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता ही इंझोरीला जाते आणि मी उकिरड्यावर.

“भाऊ,” बेबी सैफुद्दीनभाईंना म्हणाली, “सार्वजनिक नाली हाय न? नोटिशीतच लिवलं हाय. सार्वजनिक नालीत कोनीबी काईबी टाकते. त्याचं नाव आता कसं कळन?”

आधी मेहरबी भाभी पदराआडून हसल्या, राजू हसला, आणि सैफुद्दीनभाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं. गुरुजींनी मान खाली आणली आणि म्हणाले, “मी तं पयलेच मनत होतो.”

बेबीनं ऑटोतून शेगडी आणली आणि बरोबर त्या चौकोनावर ठेवली. चहासुद्धा टाकला नाही. बादली घेऊन न्हाणीत गेली. मी दाराबाहेर उभा होतो. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला, मग नालीतून ते गुडगुड करत लांब गेल्याचा.

“गेलं?” मी विचारलं.

“गेलं,” आतून आवाज आला. जरा वेळानं पुन्हा : “तुमच्या बईनीचा खण दोन म्हयने नालीत राह्यला, पन रंग नाई गेला बरं. मी उगीच नावं ठेवली.”

ओसरीत बसलेल्या रंगूबाईनं सवयीनं मान तिरपी केली, बोटं मिटायला लागली आणि तोंड उघडलं. मी तिच्या हातात चहाचा रिकामा कप दिला आणि तिला अंगणात नेऊन रस्ता दाखवत बसलो. सार्वजनिक झाला असला तरी सिमेंटचा आहे, हे सांगितलं. आत पाणी पडतच होतं. किती बादल्या झाल्या ते मी मोजलं नाही.